चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) व्हायचंय? होकार देण्यापासून वही सोपवण्यापर्यंत काय काय करायचं असतं

रविवारी चर्चमधली भक्ती सुटली की पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, हळूच बाजूला घेतात आणि म्हणतात, या वेळी वडिलांसाठी तुमचं नाव द्यायचं म्हणतोय. बहुतेकांचं इथूनच सुरू होतं. मी नगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत दोन टर्म वडील होतो, आणि आता आमच्याकडची जी पोरं पुण्या-पिंपरीकडे नोकरीला गेली त्यांना तिकडच्या मंडळ्यांमधे हेच विचारलं जातंय, मग फोन येतो की काका, नेमकं करायचं काय असतं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

आधी शब्दांचं बघू, कारण यात गोंधळ फार होतो. मराठी पवित्र शास्त्रात "मंडळीचे वडील" म्हणतात तेच आपले एल्डर, मंडळीतल्या माणसांची काळजी घेणारे आणि कारभार बघणारे. पण प्रत्येक मंडळीत ते वेगळ्या रीतीने चालतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा चर्चेस एकत्र आली, आणि त्यातल्या प्रत्येकाची जुनी पद्धत थोडी थोडी आत शिल्लक राहिली. आमच्याकडे मंडळीचा कारभार बघायला पास्टरेट कमिटी असते, लोक तिला पंच कमिटीच म्हणतात, आणि या पंचांना मंडळीच निवडून देते. स्वतंत्र फेलोशिपमधे, म्हणजे कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळ्यांमधे, बहुतेकदा पास्टर स्वतः एल्डर नेमतात. ब्रदरन मंडळ्यांमधे तर पगारी पाळक नसतोच, चार-पाच वडीलच सगळं बघतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते आधी समजून घ्या, तुमच्या मंडळीची घटना किंवा नियमावली मागा आणि वाचा. पण बाकी काम, म्हणजे माणसांचं काम, ते सगळीकडे सारखंच आहे.

होकार द्यायच्या आधी

लगेच हो म्हणू नका. पंधरा दिवस मागून घ्या.

त्या पंधरा दिवसांत बायबलमधले चार उतारे सावकाश वाचा. तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, तीताचा पहिला, पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात प्रेषित पौल इफिसच्या वडिलांना मिलेताला बोलावून घेतो तो भाग. तीमथ्यातली यादी बघितली तर एक गोष्ट लक्षात येते, त्यात शिकवता येणं हे एकच कसब म्हणता येईल असं आहे, बाकी सगळं वागण्याबद्दल आहे. दारू पिणारा नको, हात उगारणारा नको, पैशाचा लोभी नको, घर नीट चालवणारा पाहिजे, पाहुण्याचं करणारा पाहिजे, नवीनच विश्वासात आलेला नको आणि बाहेरच्या लोकांमधे नाव चांगलं पाहिजे. हे शेवटचं लोक पटकन वाचून पुढे जातात, पण तुमच्या गल्लीतला किराणावाला, ऑफिसातला शिपाई, शेजारचं हिंदू किंवा मुसलमान घर, ही माणसं तुमच्याबद्दल काय म्हणतील हा विचार खरंच करा. दुकानात उधारी थकलेली असेल तर आधी ती भागवा.

मग घरी बोला, आणि नुसतं कळवायचं म्हणून बोलू नका, विचारा. कारण रात्री अकराला फोन वाजणार तो घरातच, रविवारी दुपारचं जेवण तीनला होणार, कोणीतरी रडत दारात येणार आणि चहा तुमच्या बायकोलाच ठेवावा लागणार. तुम्ही स्वतः ताई असाल (आमच्याकडे आता बायकाही वडील आहेत आणि घरभेटीचं काम काही त्यांच्याइतकं आम्हाला जमत नाही) तर नवऱ्याशी आणि सासूबाईंशी मोकळं बोलून घ्या की आठवड्यातून दोन संध्याकाळी मी घरात नसेन. घरातनं मनापासून हो आलं नाही तर एक टर्म थांबा. काही बिघडत नाही.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारायचा, आपलं नाव का पुढे आलं? आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी आडनावं मोजली जातात, कोणाच्या भावकीची किती मतं, आणि बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झाल्या तरी जुन्या जातीची कुजबुज अजून होते. मला याचं फार वाईट वाटतं आणि मी ते लपवणार नाही. एखाद्या गटाने तुम्हाला "आपला माणूस" म्हणून उभं केलं असेल तर त्यांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा की मी निवडून आलो तर सगळ्या घरांचा. ते नाराज झाले तर झाले.

पहिला महिना, कागद आणि वही

पहिल्या महिन्यात बोलायचं कमी आणि बघायचं जास्त. कपाट उघडायला लावा. त्यात बाप्तिस्म्याचं, दृढीकरणाचं (म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने पुढे स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचं), लग्नांचं आणि दफनाचं अशी रजिस्टरं असली पाहिजेत. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं आहे, त्यामुळे काही मंडळ्यांकडे फार जुनी रजिस्टरं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना वाळवी लागलीये. मोबाईलवर एकेक पान स्कॅन करून दोन जागी ठेवा, हे काम तरुण संघाची पोरं दोन शनिवारात करतात.

दुसरं म्हणजे ट्रस्टचे कागद. मंडळी किंवा तिची जागा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी असते, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हिशेब ३१ मार्चला बंद करून ऑडिट करावं लागतं, आणि जागा विकायची किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं दिलेला नसला की कागदावर मेलेल्या माणसांचीच नावं राहतात आणि मग जमिनीचं भांडण आलं की मंडळीच्या बाजूने उभं राहायला कायदेशीर माणूसच नसतो. म्हणून पहिल्याच मीटिंगमधे साधा प्रश्न विचारा, शेवटचा चेंज रिपोर्ट कधीचा आहे?

परदेशातून कोणी दान पाठवतो म्हणालं तर तिथेच थांबा. परदेशी नागरिकाचा पैसा, मग तो आपल्याच गावचा आणि आता अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेला भाऊ असला तरी, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा परवानगीशिवाय मंडळीच्या खात्यात घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी तो आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रेमाने पाठवलेल्या पैशानेसुद्धा मंडळी अडचणीत येते.

आता वही. मी यालाच सगळ्यात जास्त महत्त्व देतो. मंडळीची घरं वडिलांमधे वाटून घ्या, एकाकडे दहा-पंधरापेक्षा जास्त नकोत. बायबलमधे इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला हेच सांगितलं होतं ना, सगळं एकट्याने करू नको, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. माझ्याकडे चौदा घरं होती. दोनशे पानी साधी वही घेतली, प्रत्येक घराला दोन पानं, घरातली माणसं, मुलांच्या इयत्ता, आजार, नोकरी कुठे, कोणाची पाळी रात्रीची, घरात कोणी गेलं त्याची तारीख. बस एवढंच. घरातली भांडणं, कोणी विश्वासाने सांगितलेलं, ते वहीत कधीच लिहायचं नाही, कारण वही हरवू शकते. आणि हे व्हॉट्सअॅपवर तर अजिबातच नको, "अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, परिस्थिती नाजूक आहे" एवढ्या एका मेसेजने दोन तासांत सगळ्या गावाला कळतं.

घरभेट

बाकी काही नाही जमलं तरी चालेल, पण हे नीट करा.

आधी फोन करा, वेळ विचारा. शक्यतो दोघं जा, आणि बाईमाणूस घरात एकटं असेल तर एकट्या पुरुष वडिलाने आत जायचंच नाही, दारात बोलायचं किंवा पाळकीणबाईंना (पाळकसाहेबांच्या पत्नीला) सोबत न्यायचं. चप्पल काढली की बसा, टीव्ही चालू असेल तर असू दे. पहिली दहा मिनिटं पोरांची, पावसाची, कांद्याच्या भावाची. मग विचारा, कसं चाललंय, आणि त्यानंतर गप्प बसा. नवीन वडिलांना गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं, त्यांना वाटतं लगेच बायबलमधलं वचन सांगितलं पाहिजे. समोरचा माणूस बोलायच्या आधी पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवतो, चादर सरळ करतो, तेवढा वेळ द्यायचा त्याला. शेवटी विचारून प्रार्थना करा, छोटीशी, त्यांनी जे सांगितलं त्याचंच नाव घेऊन, आणि उठा. अर्धा-पाऊण तास पुरे झाला.

माझ्या चौदा घरांत एक आजी होत्या, वय सत्तरीच्या पुढे, मुलगा चाकणला कंपनीत. चार महिने त्या देवळात, म्हणजे चर्चमधे, आल्या नाहीत. कमिटीत म्हणाले त्या दुसऱ्या फेलोशिपला जातायत, नाव कमी करा. मी म्हटलं आधी जाऊन तर येतो. गेलो तर आजी ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या, मला बघून उठायला लागल्या आणि गुडघा धरून परत बसल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने शेंगांच्या टरफलांकडे बघत म्हणाल्या, "आठ महिन्याची वर्गणी राहिली माझी, तिथं फळ्यावर नाव लिवलंय, कसं यावं बाबा." आमच्या मंडळीच्या दारात थकबाकीदारांची नावं खडूने लिहिलेली असायची, कित्येक वर्षांची पद्धत, मी स्वतः दर रविवारी त्या फळ्यासमोरनं आत जात होतो आणि एकदाही मनात आलं नव्हतं की हे वाचून कोणीतरी दारातूनच परत जात असेल. त्या आठवड्यातल्या मीटिंगमधे पहिला विषय तोच घेतला. फळा पुसला, वर्गणीचं कोणाशी बोलायचं तर घरी जाऊन आणि खजिनदारानेच बोलायचं असं ठरलं, आणि आजींसाठी शेवटच्या बाकाशेजारी एक खुर्ची ठेवली, कारण गुडघा पण खरंच दुखत होता. नाव कमी करायची घाई केली असती तर? म्हणून सांगतो, कोणी तीन रविवार दिसलं नाही की चौथ्या रविवारच्या आत त्यांच्या घरी जाऊन यायचं.

दुखणाईत माणूस आणि दवाखाना

याकोबाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे बोलावलं की जायचं, हे आपलं नेमलेलंच काम आहे. छोटी तेलाची बाटली जवळ ठेवा, पण तेल लावायच्या आधी विचारा, आणि दवाखान्यात असाल तर सिस्टरलाही विचारा, जखमेजवळ किंवा ऑपरेशन झालेल्या जागी हात लावायचा नाही. आयसीयूत पाच मिनिटं, वॉर्डात दहा. पलंगावर बसू नका. आमच्या मामांना हेच झालं होतं आणि ते गेले, असली उदाहरणं देऊ नका. औषध बंद करा, विश्वास ठेवा, असं कोणी सांगत असेल तर वडील म्हणून तिथेच अडवा, प्रार्थनाही करा आणि गोळ्याही वेळेवर घ्या असं स्पष्ट सांगा. आणि बरं वाटलं नाही तर "विश्वास कमी पडला" हे वाक्य कोणत्याही आजाऱ्यासमोर उच्चारू नका, मी हे ऐकलेल्या एका बाईचा चेहरा बघितलाय, तो विसरता येत नाही.

नातेवाइकांना विचारा, डबा कोण आणतंय? रात्री कोण थांबतंय? बहुतेकदा खरी अडचण तिथे असते. महिला मंडळाला सांगून चार दिवसांचे डबे लावून दिले की त्या घराला किती धीर येतो ते बघा.

रविवार

भक्तीच्या अर्धा तास आधी पोचा. दारात उभं राहून जय ख्रिस्त म्हणायचं, नवीन माणसाला नाव विचारायचं आणि कोणाच्या तरी शेजारी नेऊन बसवायचं. प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) रविवार असेल तर आदल्या दिवशी पांढरं कापड धुऊन इस्त्री केलेलं, छोटे ग्लास मोजून, भाकर ताजी. द्राक्षरस ग्लासात अर्धाच भरा, म्हाताऱ्यांचे हात थरथरतात. जे अंथरुणाला खिळलेत त्यांची नावं वहीतून काढून पाळकसाहेबांना द्या, म्हणजे ते त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जातील.

दान मोजताना एकमेकांशी नातं नसलेली दोन माणसं, उघड्या टेबलावर, चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, आकडा कागदावर दोघांच्या सहीने, आणि सोमवारी बँकेत. रोख रक्कम एक रात्रसुद्धा कोणाच्या घरी खर्चाला वापरायची नाही, मग तो माणूस कितीही सज्जन असला तरी, त्याच्यावर संशय येऊ नये म्हणून. आमच्याकडे हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या सणाला, लिलाव होतो, ज्वारीचं पोतं, गावरान कोंबडी, एखादी लोणच्याची बरणी, आणि उत्साहात एक नारळ हजार-दीड हजाराला जातो. बोली लागली की त्याच क्षणी नाव, वस्तू, रक्कम लिहून सही घ्या. महिन्याभराने "मी एवढं म्हटलोच नव्हतो" यावरून माणसं तुटतात.

मीटिंग, पाळकसाहेब आणि भांडणं

मीटिंगचे विषय चार दिवस आधी कळवा, इतिवृत्त त्याच रात्री लिहा. दोन तासांपेक्षा लांबली की लोक एकमेकांवर ओरडायला लागतात, तेव्हा उठा आणि पुढची तारीख ठरवा. आत मतभेद झाले तरी ठराव झाल्यावर बाहेर सगळ्यांनी तोच सांगायचा.

पाळकसाहेबांना तुमची गरज साहेब म्हणून नाही, भाऊ म्हणून आहे. त्यांचा पगार वेळेवर होतोय का, त्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते का, पाळकीणबाईंना गावात मन मोकळं करायला कोणी आहे का, हे वडिलांनी बघायचं. प्रवचन पटलं नाही तर सोमवारनंतर, एकट्याने, त्यांच्या घरी जाऊन बोला. आणि तुमच्यावर किंवा दुसऱ्या कोणा वडिलावर आरोप आला तर तीमथ्यालाच लिहिलंय, दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय घेऊ नको, पण असले तर दाबू पण नका.

भांडण मिटवायची रीत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपण उलटं करतो, आधी मंडळीत बोंब होते. दोन भाऊ बांधावरून बोलत नसतील तर दोघांकडे वेगवेगळं जा, एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगू नका, आणि मोजणी, सातबारा, वाटणी यात स्वतः निकाल देऊ नका, ते सरकारी ऑफिस आणि वकील बघतील. आपण एवढंच बघायचं की आईच्या दुखण्यात दोघं एका खोलीत बसतील.

एक गोष्ट मात्र या रीतीत बसत नाही. लहान मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होत असल्याचं कळलं तर तिथे "आधी एकट्याने जाऊन समजवा" हे चालत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, न सांगणं हा गुन्हा आहे, आणि चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून थांबायचं नाही. आरोप पाळकावर असो, संडे स्कूलच्या शिक्षकावर असो, नाहीतर तुमच्या सख्ख्या भावावर. संडे स्कूलमधे कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं, हा नियम पहिल्याच महिन्यात करून टाका. बायकोला मारहाण होत असेल तिथेही आधी तिची सुरक्षितता, समेटाचं नंतर.

पत्रं मागायला लोक येतात, शाळेसाठी, नोकरीसाठी, लग्नासाठी. कोऱ्या लेटरहेडवर सही कधीच नाही. दाखला रजिस्टरमधे नोंद असेल तरच, आणि लग्नाच्या वेळी दोघांच्या वयाचे पुरावे (मुलगा २१, मुलगी १८) आणि आधीचं लग्न नाही ना, याची चौकशी ओळखीचं घर असलं तरी करायची.

मयत

फोन रात्रीच येतो. तेव्हा डोकं शांत ठेवायला आधीच तयारी लागते, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहून ठेवा, कबर खोदणाऱ्याचा नंबर, पेटी बनवणाऱ्याचा नंबर, शववाहिकेचा नंबर, कब्रस्तानच्या गेटची चावी कोणाकडे. घरी गेल्यावर आधी पाच मिनिटं नुसतं बसा, मग घरातल्या एका शांत माणसाला बाजूला घेऊन विचारा, बाहेरगावचं कोण यायचंय, कधीपर्यंत थांबायचं, डॉक्टरांचा दाखला मिळाला का. उंची विचारून पेटी सांगा. कबर कुठे खोदायची ते दफनाच्या रजिस्टरमधे बघून सांगा, नुसतं आठवणीवर नको, आमच्याकडे एकदा चुकीच्या जागी खोदायला सुरुवात झाली आणि दुसऱ्याच घराची माती निघाली, त्या दोन्ही घरांना किती यातना झाल्या ते मी पाहिलंय. पावसाळ्यात ताडपत्री आणि दोर जास्तीचे. दफन झाल्यावर सगळे जातात, तुम्ही चौथ्या दिवशी परत जा, आणि मग महिन्याने, आणि वर्षाने त्या तारखेला. तारीख वहीत आहेच.

स्वतःकडे

पौल इफिसच्या वडिलांना म्हणतो स्वतःकडे आणि कळपाकडे लक्ष द्या, आधी स्वतःकडे. आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्यांची, तिला मंडळीचा कोणताच विषय लावू नका. तुमच्या मनावरचं ओझं सांगायला मंडळीच्या बाहेरचा एक वयस्कर विश्वासू माणूस शोधा, कोणाचं नाव न घेता बोला. सकाळची स्वतःची प्रार्थना सुटायला लागली की समजायचं एखादी जबाबदारी कमी करायला हवी.

आणि टर्म संपली की खरंच सोडा. नवीन वडिलांना चाव्या, कागद, बँकेचं सगळं लिहून द्या आणि त्यांच्यासोबत चौदाच्या चौदा घरी एकदा जाऊन या, ओळख करून द्या. मी ज्यांना वही दिली तो तिशीतला मुलगा, त्याला घेऊन त्या आजींकडे गेलो. आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, विचारलं, "कोणाचा रे तू?" त्याने बापाचं नाव सांगितलं. मग त्या भिंतीला धरून उठल्या, आतून स्टूल, त्याची धूळ पदराने पुसत, बाहेर आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. मी ओट्यावर बसलो.